पगाराचा मेसेज आणि एक पिवळी खूण : कंपनीत ईआरपी बसवतात तरी कसं?

महिन्याची ७ तारीख. सकाळी साडेनऊला माझ्या टेबलासमोर एक माणूस येऊन उभा राहिला. हातात फोन, त्यावर बँकेचा मेसेज उघडलेला.

"साहेब, पगार तर आला. पण ओटी कुठं गेला जी?"

मला आधी काही कळलंच नाही. मी म्हटलं, एचआरला विचारा. तो म्हणाला, "एचआरनंच पाठवलं. म्हणे कम्प्युटरवाले तिथं बसले आहेत, त्यांले विचारा."

दहा वाजेपर्यंत टेबलासमोर रांग लागली. चाळीसेक माणसं, सगळी रात्रपाळीची. कुणाचे दोन हजार कमी, कुणाचे साडेचार. एकाचा बाईकचा हप्ता त्याच दिवशी खात्यातून कटणार होता आणि खात्यात तेवढे पैसे नव्हते. तो चिडलाही नाही, फक्त विचारत राहिला की आज होईल का. मला "हो" म्हणता येत नव्हतं.

कारखाना नागपूरजवळचा, नाव सांगत नाही. इंजिनिअरिंगची डिग्री मिळून मला दुसरंच वर्ष चालू होतं. आमच्या टीमने तिथं नवीन ईआरपी सॉफ्टवेअर बसवलं होतं आणि नव्या सिस्टीममधून निघालेला तो पहिलाच पगार होता. चूक कशी झाली हे नंतर नीट कळलं. तिच्यातला एक भाग माझ्या हातून झाला होता. त्याकडे येतोच, पण त्याआधी हे "ईआरपी बसवणं" म्हणजे काय प्रकरण आहे ते बघू.

अपडेट दाबलं की झालं, असं इथं का नाही?

तुमच्या फोनमधलं ॲप रात्री वायफायवर आपोआप अपडेट होतं. सकाळी उठून बघितलं तर बटणाचा रंग बदललेला, बस. ॲप बनवणारेही तसा आंधळा जुगार खेळत नाहीत. प्ले स्टोअरवर नवीन आवृत्ती आधी थोड्या टक्के लोकांना सोडता येते, मग हळूहळू सगळ्यांना. मध्ये काही बिघडलं तर तिथंच थांबवता येतं.

ईआरपी, म्हणजे एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग, याचं तसं नसतं. कंपनीची खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री, हिशेब, हजेरी, पगार हे सगळं एकाच डेटाबेसवर आणणारं हे सॉफ्टवेअर. स्टोअरमधून एक बेअरिंग बाहेर गेलं अशी नोंद झाली की साठा एकाने कमी होतो, ज्या मशीनला ते लागलं तिच्या खर्चात रक्कम चढते, साठा ठरलेल्या मर्यादेखाली गेला असेल तर खरेदी विभागाला सूचना जाते, आणि महिनाअखेर हिशेबात ते सगळं आपोआप दिसतं. नोंद एकदाच, परिणाम चार जागी. ईआरपीची मजा हीच आणि भीतीही हीच, कारण नोंद चुकली की चूकसुद्धा चार जागी पोचते.

सॉफ्टवेअर स्वतः तयारच असतं. सॅप ही यातली सगळ्यांत नावाजलेली कंपनी. आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी ती १९७२ मध्ये जर्मनीत सुरू केली. ओरॅकल आणि मायक्रोसॉफ्टचीही अशी सॉफ्टवेअरं आहेत. पण तयार असलं तरी ते रेडिमेड पॅन्टसारखं असतं. कंबर, उंची आपल्या मापाची करून घ्यावी लागते. फरक इतकाच की इथं पॅन्ट पाचशे लोकांची एकच असते आणि ती चालता चालता बदलायची असते. कारखाना एक दिवसही बंद ठेवता येत नाही.

पद्धत म्हणजे काय?

१९९०च्या दशकात मोठमोठ्या कंपन्यांनी ईआरपी घ्यायला सुरुवात केली आणि प्रोजेक्ट वर्षानुवर्षं लांबायला लागले. म्हणून सॅपने १९९६ मध्ये एक ठरलेली पद्धत आणली. तिचं नाव ॲसॅप, म्हणजे ॲक्सिलरेटेड सॅप. तिचे पाच टप्पे होते. प्रोजेक्टची तयारी, मग ब्लूप्रिंट म्हणजे कंपनीचं काम कसं चालतं आणि पुढे कसं चालेल याचा लेखी नकाशा, मग त्याप्रमाणे सिस्टीम तयार करणं, मग शेवटची तयारी, आणि मग गो-लाइव्ह व त्यानंतरचा आधार. २०१५ पासून सॅपने त्याऐवजी ॲक्टिव्हेट नावाची पद्धत आणली. तिचे टप्पे डिस्कव्हर, प्रिपेअर, एक्सप्लोअर, रिअलाइझ, डिप्लॉय आणि रन. मायक्रोसॉफ्टची श्योर स्टेप होती, ओरॅकलच्या त्यांच्या वेगळ्या. नावं पाठ करायची काही गरज नाही. (मुलाखतीत मात्र हमखास विचारतात, तेव्हा आदल्या रात्री करून ठेवा.)

मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएलचे मोठे कॅम्पस आहेत आणि आपल्यातली बरीच पोरं तिथं किंवा पुण्यात अशाच कामाला लागतात. कॉलेजात आम्हाला हे टप्पे आकृती काढून शिकवले होते. एकाखाली एक चौकोन, मधे बाण. पाच मार्काचा प्रश्न. त्या आकृतीत एक गोष्ट दिसत नाही : दोन चौकोनांच्या मधल्या बाणावर एक फाटक असतं. त्या फाटकावर काही प्रश्न लिहिलेले असतात आणि प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराखाली कुणीतरी सही करतो. सही झाल्याशिवाय पुढचं काम सुरू करायचं नाही. माझ्या मते अख्ख्या पद्धतीत सगळ्यांत कामाचं काही असेल तर ते हे फाटक. बाकी कागद खूप असतात, त्यातले निम्मे कुणी परत उघडत नाही, हे मी स्वतः बघितलंय.

"रात्री कोण बसते तुह्या कम्प्युटरवर?"

आता मी दुसऱ्या प्रोजेक्टची गोष्ट सांगतो. पहिल्या प्रोजेक्टमध्ये हा टप्पा आम्ही धड केलाच नव्हता.

ब्लूप्रिंटच्या वेळी प्रत्येक विभागातल्या जाणत्या माणसांना घेऊन बसायचं असतं. त्यांना की-यूजर म्हणतात. सिस्टीममध्ये काम कसं चालतं ते आपण दाखवायचं, त्यांनी सांगायचं की आपल्याकडे असं चालतं की वेगळं. जुळलं तर फिट, नाही जुळलं तर गॅप. प्रत्येक गॅप लिहून काढायची आणि ठरवायचं की सॉफ्टवेअर बदलायचं की कामाची रीत बदलायची.

स्टोअरची मीटिंग होती. कॉन्फरन्स रूममध्ये स्टोअर मॅनेजर, आम्ही दोघं आणि कोपऱ्यात स्टोअरचे काका. तीस वर्षं नोकरी झालेली, हातात लांबट वही. मॅनेजर प्रत्येक स्लाइडवर मान डोलवत होते. फिट, फिट, फिट. काका एक शब्द बोलले नाहीत. मीटिंग संपल्यावर चहाच्या टपरीवर मी सहज विचारलं, "काका, तुम्ही काहीच नाही बोलले?"

"काय बोलू बाबू. तू म्हणते आधी एन्ट्री, मग माल. रात्री दोन वाजता मशीन बंद पडली त रात्री कोण बसते तुह्या कम्प्युटरवर? स्टोअरची चाबी सिक्युरिटीजवळ राहते. फोरमन चिठ्ठी लिहिते, माल उचलते. मी सकाळी येऊन वहीत चढवतो."

ही गोष्ट मॅनेजरला माहीत नव्हती असं नाही. पण ती नियमात बसत नव्हती, म्हणून साहेबांसमोर कुणी काढत नव्हतं. आमची सिस्टीम तशीच चालू झाली असती तर काय झालं असतं? रात्री उचललेला माल कम्प्युटरच्या हिशेबाने स्टोअरमध्येच पडून राहिला असता. सिस्टीम म्हणाली असती बेअरिंग आहे, रॅक रिकामा. खरेदीची सूचना गेलीच नसती. दोन आठवड्यांत मशीन थांबली असती आणि शिव्या सॉफ्टवेअरला पडल्या असत्या.

आम्ही ती गॅप लिहिली. उपाय साधा निघाला. रात्रपाळीच्या दोन फोरमनना फक्त माल उचलण्याच्या नोंदीपुरता परवाना दिला आणि स्टोअरच्या दाराशी एक टॅब्लेट लावला. यात सॉफ्टवेअर बदलावं लागलं नाही. माझ्यासाठी धडा असा झाला की गॅप शोधायची असेल तर मीटिंगनंतर चहाला जायचं. हे कुठल्याही पद्धतीच्या पुस्तकात नाही, पण असायला पाहिजे.

दर वेळी उपाय इतका स्वस्त नसतो. लिडल नावाची जर्मनीची मोठी किराणा साखळी आहे. तिने २०११ च्या सुमारास सॅपवर जायचं ठरवलं. लिडलची जुनी सवय अशी की मालाचा साठा खरेदीच्या किमतीने मोजायचा. सॅपच्या त्या तयार सॉफ्टवेअरमध्ये तो विक्रीच्या किमतीने मोजला जायचा. गॅप समोर दिसत होती. लिडलने आपली रीत सोडली नाही, सॉफ्टवेअरच बदलून घ्यायला लावलं. एक बदल केला की त्याला चिकटलेल्या दहा जागा बदलाव्या लागतात. सात वर्षांनी, २०१८ मध्ये, त्यांनी प्रोजेक्ट गुंडाळला. तोवर खर्च सुमारे ५० कोटी युरो झाल्याच्या बातम्या होत्या. म्हणूनच आता ॲक्टिव्हेटसारख्या पद्धतीत "फिट-टू-स्टँडर्ड" म्हणतात. तयार रीत आधी वापरून बघा, आणि खरंच अडलं तरच बदल मागा.

एका बेअरिंगची चौदा नावं

यानंतरचा टप्पा म्हणजे सिस्टीमची मांडणी करणं. त्यावर फार लिहित नाही. ते काम तांत्रिक असलं तरी सरळ असतं, आणि नव्या पोरांना वाटतं तितकं अवघड नसतं. खरा घाम डेटा काढतो.

जुन्या सिस्टीममधली किंवा एक्सेलमधली यादी नवीन सिस्टीममध्ये न्यायची असते. माल, विक्रेते, ग्राहक, कर्मचारी, या याद्यांना मास्टर म्हणतात. आम्ही जुनी माल-यादी उघडली तेव्हा ६२०५ नंबरचं एकच बेअरिंग चौदा वेगवेगळ्या नावांनी निघालं. बेअरिंग ६२०५, बेरिंग ६२०५, ६२०५ बीआरजी, बॉल बेअरिंग ६२०५ नवीन, आणि एका ठिकाणी तर नुसतंच "पंप क्र. ३ वालं". चौदाही नावांवर थोडा थोडा साठा. म्हणजे कंपनीकडे बेअरिंग भरपूर, पण कुणालाच एका जागी दिसत नाही, म्हणून परत परत खरेदी.

दुसरी भानगड मोजमापाची. लोखंडी पत्रा विकत घेतात किलोवर, आणि कामाला देतात नगावर. वेल्डिंग रॉड येतात पाकिटात, जातात सुटे. एक पत्रा किती किलोचा हे सिस्टीमला कुणीतरी सांगावं लागतं, जाडीप्रमाणे वेगवेगळं. चुकलं तर सिस्टीम म्हणेल स्टोअरमध्ये चाळीस टन पत्रा आहे, आणि स्टोअरची जमीनच तेवढी नाही.

ही साफसफाई इंजिनिअर करू शकत नाही. "पंप क्र. ३ वालं" म्हणजे काय ते काकांनाच माहीत. आम्ही एक्सेल काढून द्यायचो, काका चष्मा लावून पेनाने खुणा करायचे. दीड महिना लागला. प्लॅनमध्ये दोन आठवडे धरले होते.

माझी पिवळी खूण

आता परत त्या पहिल्या कारखान्यात.

गो-लाइव्हच्या आधी चाचण्या असतात. त्यातली पगारासाठीची सगळ्यांत महत्त्वाची चाचणी म्हणजे समांतर चाचणी. एकाच महिन्याचा पगार जुन्या सिस्टीममध्येही काढायचा आणि नव्यातही, आणि प्रत्येक माणसाचे दोन आकडे शेजारी ठेवून ताडून बघायचे. एका रुपयाचाही फरक आला तर कारण शोधायचं. काम कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

आम्ही ती केली, ऑफिसच्या साठ लोकांसाठी. त्यांची हजेरी एका मशीनवरून यायची, डेटा स्वच्छ होता. रात्रपाळीच्या लोकांची हजेरी दुसऱ्या गेटवरच्या मशीनवरून यायची आणि ती फाइल वेळेत मिळाली नाही. साठच्या साठ पगार जुळले. यादीत "समांतर पगार चाचणी" असा रकाना होता आणि समोर लाल, पिवळा किंवा हिरवा रंग भरायचा होता. लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे थोडं राहिलंय, पण पुढे जाता येईल. मी विचारलं, काय भरू? उत्तर आलं, "साठ जुळले ना? पिवळा कर. आता लाल दाखवला तर सगळंच अडेल." मी पिवळा केला. खरं सांगायचं तर मला तेव्हा ते फार चुकीचंही वाटलं नाही.

झालं काय होतं? रात्रपाळीचा माणूस रात्री दहाला आत येतो आणि ओव्हरटाइम धरून सकाळी आठला बाहेर पडतो. आत येण्याची नोंद एका तारखेची, बाहेर जाण्याची दुसऱ्या. नव्या सिस्टीमला "पाळी मध्यरात्र ओलांडते" हे सांगायचं राहून गेलं होतं. तिने ते दोन अर्धवट दिवस धरले. हजेरी कशीबशी लागली, पण जादा तास कुठंच मोजले गेले नाहीत. कारखान्यात ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने मिळतो, त्यामुळे फटका चांगलाच मोठा. ऑफिसच्या साठ लोकांत रात्री काम करणारा एकही नव्हता. म्हणजे आमची चाचणी पास झाली ती नेमकी ज्यांना धोका नव्हता त्यांच्यावर.

सुधारलेला पगार जमा व्हायला चार दिवस लागले. बाईकवाल्याचा हप्ता बाउन्स झाला होता, वर बँकेचा दंड. तो दंड कंपनीने नंतर भरून दिला असं ऐकलं. मी स्वतः त्याला परत विचारायला गेलो नाही, याची आजही लाज वाटते.

नंतर मी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याची केस वाचली आणि अंगावर काटा आला. तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने मार्च २०१० मध्ये नवीन पगार प्रणाली चालू केली, सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांसाठी. नर्स, डॉक्टर, सफाई कामगार, सगळ्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या, भत्ते वेगवेगळे. चालू केल्यावर कुणाला कमी पगार, कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही. २०१३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. एकूण खर्चाचा अंदाज १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत गेला होता. तिथं फाटकं नव्हती असं नाही. फाटकं होती, चाचणीचे निकषही लिहिलेले होते. पण तारीख जवळ आली तसे निकष सैल होत गेले. माझ्या एका पिवळ्या रकान्याची ती फार मोठी आवृत्ती होती.

एकदम की हळूहळू?

गो-लाइव्ह म्हणजे जुनी सिस्टीम बंद, नवी चालू. ते दोन प्रकारे करता येतं. सगळे विभाग, सगळ्या शाखा एकाच दिवशी, याला बिग बँग म्हणतात. किंवा एकेक करून.

बिग बँगचं सगळ्यांत चवदार उदाहरण हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीचं. तज्ज्ञांनी ४८ महिने सांगितलेला प्रोजेक्ट त्यांनी ३० महिन्यांत बसवला आणि १९९९ च्या जुलैमध्ये तीन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरचा गाडा एकदम सुरू केला. अमेरिकेत चॉकलेटचा मोठा खप ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनला असतो, म्हणजे ऑर्डरी नेमक्या त्याच वेळी येत होत्या. गोदामात चॉकलेट होतं, दुकानदार मागत होते, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत जाऊ शकल्या नाहीत. आपल्याकडे एखाद्या मिठाईवाल्याने दिवाळीच्या तोंडावर नवीन बिलिंग मशीन लावावं, तशातला प्रकार.

हळूहळूचं उदाहरण नागपुरातच आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे डब्ल्यूसीएल. तिचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये. खाणी नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांत आणि तिकडे मध्य प्रदेशात बैतूल, छिंदवाड्याला. ही कोल इंडियाची उपकंपनी. त्या वेळी अडीच लाखांहून जास्त कर्मचारी असलेल्या कोल इंडियाने आपल्या सगळ्या कंपन्यांसाठी ईआरपी बसवायचं काम २०१९ मध्ये टेक महिंद्राला दिलं, सुमारे २७० कोटींचं. सॉफ्टवेअर सॅपचं. पण सगळ्या उपकंपन्या एका रात्रीत चालू केल्या नाहीत. पहिल्या टप्प्यात कोलकात्याचं मुख्यालय, नागपूरची डब्ल्यूसीएल आणि ओडिशातली महानदी कोलफिल्ड्स घेतल्या. बाकीच्या त्यानंतर.

अशा टप्प्यांचा फायदा काय ते खाणीच्या कामाकडे बघितलं की कळतं. एका कंपनीत जमिनीखालच्या खाणी आणि उघड्या खाणी, डंपरचे सुटे भाग, डिझेल, तीन पाळ्यांची हजेरी, कोळशाची रेल्वेने आणि ट्रकने होणारी रवानगी. पहिल्या कंपनीत हे एकदा नीट बसलं की माल-यादीचा सांगाडा, पाळ्यांचे नियम, प्रशिक्षणाचं साहित्य पुढच्या कंपनीला तयार मिळतं. चूक झाली तरी ती एका घरात राहते. तोटाही आहे. मधल्या काळात काही कंपन्या नव्या सिस्टीमवर, काही जुन्या, आणि मुख्यालयाला दोन्हीकडचे आकडे एकत्र करत बसावं लागतं. फुकट काहीच नाही.

"पण आता तर सगळे अजाईल करतात ना?"

हा प्रश्न ज्युनिअर पोरं नेहमी विचारतात. २००१ मध्ये अमेरिकेत यूटाह राज्यात १७ जणांनी मिळून अजाईलचा जाहीरनामा लिहिला. त्यात जाडजूड कागदांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर आणि बदलाला तयार राहणं याला जास्त महत्त्व दिलं. ॲप बनवायला ते उत्तम. ॲक्टिव्हेटमध्येही त्यातलं बरंच घेतलंय. मांडणीचं काम दोन-तीन आठवड्यांच्या तुकड्यांत होतं आणि प्रत्येक तुकडा की-यूजरला दाखवला जातो. पण पगाराचा दिवस तुकड्यांत येत नाही. ७ तारखेला "सत्तर टक्के ओव्हरटाइम या स्प्रिंटमध्ये, उरलेला पुढच्या" असं सांगून बघा.

गंमत म्हणजे ज्या विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखातली आकृती दाखवून आपल्याला "वॉटरफॉल" शिकवतात, त्यांनीच त्या लेखात लिहिलं होतं की असं सरळ वरून खाली जाणं धोक्याचं आहे, एकदा करून बघा आणि त्यातून शिकून परत करा. आकृती पुस्तकात आली, इशारा मागे राहिला.

हे फक्त मोठ्या कंपन्यांचं आहे असंही समजू नका. इतवारीत माझ्या मामाचं किराणा दुकान आहे. मामेभावाला वहीवरून मोबाइल बिलिंग ॲपवर जायचं होतं. त्याने पहिल्याच दिवशी वही बंद केली. संध्याकाळी उधारीवाला आला आणि त्याचं आधीचं येणं ॲपमध्ये नव्हतंच. मग आम्ही बसून पद्धतीने केलं. आधी उधारीची यादी साफ, एकाच गिऱ्हाईकाची तीन नावं एक केली. मालात फक्त सगळ्यांत जास्त विकणाऱ्या दोनशे वस्तू घेतल्या. मग पंधरा दिवस वही आणि ॲप दोन्ही, रोज रात्री गल्ला दोन्हीकडे जुळवायचा. सुट्टं तेल ॲपमध्ये लिटरवर होतं आणि मामा विकतात किलोवर, हे चौथ्या रात्री सापडलं. तुमच्या घरी दुकान असेल तर एवढं तरी नक्की करा, आणि सुरुवात सणाच्या महिन्यात करू नका.

लाल

दुसऱ्या प्रोजेक्टची गो-लाइव्हची तारीख १ एप्रिल होती. नवीन आर्थिक वर्ष, हिशेबवाल्यांना सोयीचं. यावेळी समांतर चाचणी मी पाचशेच्या पाचशे माणसांची मागितली. रात्रपाळीच्या गेटची फाइल हातात पडेपर्यंत सुरूच केली नाही. एकोणीस जणांचा पगार जुळला नाही. त्यातल्या सोळा जणांचं जुन्या सिस्टीममध्येच चुकत होतं. कुणाचा भत्ता कित्येक महिने कमी पडत होता आणि कुणाला पत्ता नव्हता. उरले तीन. त्यांच्या फरकाचं कारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सापडलं नव्हतं.

मी रकाना लाल केला.

मॅनेजर म्हणाले, पाचशेत तीन म्हणजे काय? मी म्हटलं, तीन का आहेत ते माहीत नाही, म्हणून पुढच्या महिन्यात तीस होतील की नाही तेही माहीत नाही. त्यांची अडचण खोटी नव्हती. संपूर्ण गो-लाइव्ह झाल्यावरच ग्राहकाकडून आमच्या कंपनीला मोठा हप्ता मिळणार होता. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. शेवटी बैठकीत ठरलं की बाकी सगळं १ एप्रिललाच चालू करायचं, पगार मात्र आणखी एक महिना जुन्या सिस्टीमवर. हिशेब विभाग वैतागला, कारण एप्रिलच्या पगाराच्या नोंदी त्यांना हाताने टाकाव्या लागणार होत्या. त्यांनी टाकल्या.

तिघांचं कारण एप्रिलच्या मध्यावर सापडलं. महिन्याच्या मधेच दिवसपाळीवरून रात्रपाळीवर गेलेली माणसं होती ती. बदलाच्या त्या एका दिवसाचे तास सिस्टीम दोन्ही पाळ्यांत शोधत होती आणि कुठंच धरत नव्हती.

मे महिन्याचा पगार नव्या सिस्टीममधून निघाला. ७ जूनला सकाळी मी नऊच्या आधीच जाऊन बसलो. नागपूरचा जून, कूलर फुल, तरी घाम. साडेनऊ वाजले, दहा वाजले. रांग नाही. सव्वादहाला एक जण आला, फोन पुढे केला. माझ्या पोटात गोळा.

"पगार बरोबर आहे जी. पण नव्या ॲपमध्ये माह्या सुट्ट्या दोन कमी दाखवून राहिले."

बघितलं तर त्याचं खरं होतं. जुन्या यादीतून आणताना फेब्रुवारीतल्या दोन भरपाई सुट्ट्या गळल्या होत्या. त्याच्यासारखे आणखी अकरा जण निघाले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांच्या दुरुस्त केल्या, आणि यावेळी प्रत्येकाला जाऊन सांगून आलो.